नावापुढचा गोल

पिवळ्या खडूची बरोबरची खूण. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर.

वडील मोठ्यानं बोलतायत. समोरच बसलेत, हात लांब केला तर लागतील, तरी मोठ्यानं.

निळी रबरी नळी. तिच्यातून बुडबुडे, एकामागे एक.

अर्धी तांबडी, अर्धी पिवळी कॅप्सूल. उघडली तर आत नुसती भुकटी.

उधना स्टेशनवर हरवलेली एक चप्पल. डावी.

“काही होत नाही.”

हे सगळं सुकदेवच्या डोक्यात ओळीनं आलं नाही. एरवी ओळ मोडणारा माणूस नव्हे तो. बावीस वर्षं सुरतेच्या मलेरिया खात्यात फवारणीला होता आणि एक गल्ली पुरी झाल्याशिवाय दुसरीत पाय टाकत नसे. पण मार्च दोन हजार एकवीसच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, वॉर्ड ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला चिकटवलेल्या एका कागदापुढं तो उभा राहिला आणि ओळ मोडली. कागदावर एकतीस नावं होती. कोरोनाची लस घेतली त्यांच्यापुढं बरोबरची खूण. गावाला गेले त्यांच्यापुढं फुली. आणि खालून सातव्या ओळीत ‘सुकदेव गणपत’, आणि पुढं गोल. सुपरवायझर योगेशनं काही नवीन शोधलं नव्हतं. खुणा फवारणीवाल्यांच्याच होत्या, आणि योगेश नवा आला तेव्हा सुकदेवनंच त्या त्याला शिकवल्या होत्या. फवारणी झाली की दाराला बरोबर. कुलूप असलं की फुली. घरच्यांनी आत येऊच दिलं नाही तर गोल. असे गोल सुकदेवनं आजवर किती काढले असतील. कधी चिडून, कधी कंटाळून, कधी खडू संपत आला म्हणून अर्धाच. सकाळी दूध आणायला कोणी बाहेर पडतं आणि आपल्याच दारावर तो गोल बघतं, तेव्हा त्या माणसाला काय वाटतं, हे मात्र त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. बाहेरून काढायची खूण ती. आज तो पहिल्यांदा दाराच्या आत उभा होता.

“काका, तुमचं घर नकारात गेलं,” कुंदन मागून म्हणाला. कुंदन सत्तावीस वर्षांचा, टोळीतला सगळ्यात बोलघेवडा.

“गप रे.”

“आता योगेशभाई येणार दारात. ‘मावशी, फक्त पाच मिनिटं. भांडी झाकून घ्या, लेकरांना बाहेर काढा.’”

सगळे हसले. सुकदेवही हसला, कारण नक्कल त्याचीच होती. मशिनांत औषध भरणं चालू होतं आणि रॉकेलचा वास शेडभर पसरला होता. हाच कुंदन फेब्रुवारीत सगळ्यांत पुढं होऊन सांगत होता की आधी आपल्यावर ट्राय करतात, आपण टिकलो की मग साहेब लोक घेतात. कोणी म्हणालं होतं, अशानं पोरं होत नाहीत. कोणी म्हणालं, महिनाभर दारू बंद करावी लागते. त्यावर दुसरा म्हणाला, अरे, गुजरातमध्ये दारू बंदच आहे, तुला काय त्रास? असं बोलत बोलत, भीत भीत, एक दिवस सगळे एकाच टेम्पोत बसून गेले आणि दुसऱ्या दिवशी दंड चोळत कामावर आले. सुकदेव तेवढा गेला नाही. पहिल्या वेळी त्यानं साखर वाढली म्हणून सांगितलं; त्याला साखर नव्हती. दुसऱ्या वेळी चुलतभावाची हळद. हे कोणाला खरं वाटलं नाही आणि खोटं म्हणून कोणी दाखवूनही दिलं नाही, कारण तो वयानं मोठा होता.

योगेश आत आला. “सुकदेवभाऊ, आज शेवटचा दिवस आहे. उद्यापासून ज्याची नोंद नाही त्याला मशीन नाही. हे मी म्हणत नाही, वरून आलंय.” मग आवाज उतरवून, जवळ येऊन, “अहो, काही होत नाही.”

योगेशला वाटलं असेल, आपण धीर दिला. पण हे तीन शब्द म्हणजे सुकदेवची बावीस वर्षांची भाकरी होती. मगनभाईंनी शिकवलेले ते. मगनभाई अस्सल सुरती, आता निवृत्त होऊन बसलेले. पहिल्या दिवशी त्याला बरोबर नेताना त्यांनी सांगितलं होतं की बोलताना बाईकडं बघायचं नाही, तिच्या मागं, घरात बघायचं, जणू आपण आत पोचलोच आहोत. आणि आवाज हळू ठेवायचा. हळू बोलणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. मग म्हणायचं, काही होत नाही. “पण मगनभाई, खरंच होत नाही का?” कोवळ्या सुकदेवनं विचारलं होतं. मगनभाईंनी तंबाखू गालात सरकवली. “आपणने शुं खबर? पण बोलवानुं.” आपल्याला काय माहीत, पण बोलायचं. आणि तो बोलत राहिला, हजारो उंबऱ्यांवर, तान्ह्या बाळांच्या आयांशी, दमेकरी म्हाताऱ्यांशी, चुलीवर डाळ ठेवलेल्या बायकांशी, आणि नव्याण्णव वेळा खरंच काही झालं नाही. शंभराव्या वेळी पर्वत पाटिया भागात मालतीबाईंचे मासे मेले.

मालतीबाई विदर्भातल्या. नवरा हजीऱ्याला क्रेनवर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं हौसेनं काचेची पेटी आणून त्यात सात सोनेरी मासे पाळले आणि वर्षभरात स्वतः गेला. बाईंना माशांचं काही प्रेम नव्हतं. पण त्या रोज सकाळी पेटीपुढं खुर्ची टाकून चहा प्यायच्या, आणि फेरी असली की सुकदेवलाही अर्धा कप मिळायचा. त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, माशांना तं काई नाई ना होनार? त्यानं घराच्या आत बघितलं, आवाज हळू केला आणि ते तीन शब्द म्हटले. बेफिकिरीनं नव्हे, त्यानं ओलं पोतं पेटीवर नीट चारी बाजूंनी दाबून बसवलं होतं. फक्त हवेचा पंप बंद करायचा राहिला. पंप पेटीबाहेर, खिडकीत. तो खोलीतली हवा ओढून निळ्या नळीनं पाण्यात सोडत होता, आणि खोलीत औषधाचा धूर होता. पोतं वरून राखण करत बसलं आणि खालून नळी एकेक बुडबुडा आत पोचवत राहिली. बाई ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “तू म्हनला होता ना रे, काई होत नाई म्हनून.” नंतरच्या फेऱ्यांना त्या साखळी न काढताच म्हणायच्या, “खूण मार अन् जा.” तो खूण मारून जायचा. बरोबरची. गोल काढायला हात धजायचा नाही. फवारणी न झालेलं ते एकच घर त्याच्या वहीत कायम ‘झालं’ म्हणून असायचं.

म्हणून योगेश तसं म्हणाला तेव्हा सुकदेवला भीती वाटली नाही, शरमल्यासारखं झालं. आपला जुना सदरा दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं. योगेशही त्याच्याकडं बघत नव्हता, त्याच्या मागं बघत होता.

आधार कार्ड आणायला तो बमरोलीला घरी गेला. घर म्हणजे चाळीतली एक खोली, मागं मोरी, पुढं ओटा. आत आई, धुरपदाबाई, एकाहत्तर वर्षांची. थंडीत दम लागायचा तिला. बाहेर ओट्यावर सुकदेव, एकेचाळीसचा. लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं, मग कोणी विषय काढला नाही. गेल्या वर्षी एप्रिलपासून, त्याला कोरोनाच्या घरांत सोडियमचं जंतुनाशक पाणी फवारायला पाठवायला लागले तेव्हापासून, तो घरात शिरला नव्हता. ओट्यावर झोपायचा, ओट्यावर जेवायचा. आई ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरकायची आणि मग तो पुढं व्हायचा. आधी रोज संध्याकाळी तो तिच्या गुडघ्यांना तेल लावायचा. आता बाटली उंबऱ्यावरून आत सरकवायचा आणि ती आपली आपण लावायची, आणि बाहेरून तो सांगायचा, जरा वर, आई, वाटीच्या वर. एक वर्ष. त्या उंबऱ्यावर कोणी खूण मारली नव्हती, तरी तो कधी ओलांडला नाही. मनात हिशेब एकच फिरायचा: लस घेतली नाही तर आपण हा रोग आईला आणून देणार, आणि लस घेऊन आपल्यालाच काही झालं तर आईला कोण? दोन्ही बाजूंनी आईच. आणि तिला तर त्यानं बजावून ठेवलं होतं की म्हाताऱ्यांसाठी सुरू झालं असलं तरी त्या रांगेत जायचं नाही. तिनं विचारलं असतं, काय व्हस रे त्याथिन, काय होतं त्यानं, तर तिला काय सांगणार होता तो? ते तीन शब्द आईपुढं तोंडातून निघाले नसते.

“कथा चालना रे?” तिनं आतून विचारलं.

“कुठं नाही. ऑफिसात कागद द्यायचाय. आधार कार्ड दे.”

“कागद देवाले येवढं तोंड काय पाडेल शे?”

“तोंड तसंच आहे माझं.”

“नही. बापना सारखं करी ऱ्हायना. त्यास्नं बी असंच व्हये, डॉक्टरनं नाव काढं की.” तिनं कार्ड उंबऱ्यावर ठेवलं आणि सवयीनं दोन पावलं मागं सरकली. “जेवीसन जाय.”

तो जेवला नाही. शाळेकडं चालू लागला. लस तिथंच होती, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत, जिथं तो सातवीपर्यंत शिकला होता. दोन्ही बाजूंना लूमचे, यंत्रमागांचे कारखाने, आणि त्यांची ती खटखट, जी बमरोलीत कोणाला ऐकू येत नाही, कारण ती कधी थांबतच नाही. ती थांबलेली त्यानं दोनदाच ऐकली होती. एकदा गेल्या वर्षीच्या बंदमध्ये, पाठीवर पंप घेऊन रिकाम्या गल्ल्यांतून फिरताना. तेव्हा त्याला वाटलं होतं की आता ते जुनं काहीतरी परत येणार, आणि तो कान देऊन वाट बघत राहिला, पण काही आलं नाही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि आई उंबऱ्यापलीकडं होती. आणि त्याच्या आधी एकदा, चौऱ्याण्णव साली, प्लेगच्या वेळी.

तेव्हा तो चौदा वर्षांचा. वडील, गणपत, लूमवर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा बारा तास. बाप म्हणजे भिंतीकडं तोंड करून झोपलेली एक पाठ, एवढंच त्याला माहीत. सप्टेंबरात प्लेग आला म्हणून गाव उठलं. त्यांनीही गाठोडं बांधलं, अमळनेरला जायचं म्हणून उधना स्टेशन गाठलं, पण गर्दीत गणपतची डावी चप्पल गेली आणि गाडीही गेली. “एकच चप्पल घालीसन गावले जाशात का?” आई म्हणाली, आणि तेवढ्यावरून तिघं परत आले. एवढ्यावरूनच. सुकदेवला नंतर पुष्कळ वेळा वाटलं की आईला जायचंच नव्हतं. चाळीत उरली होती शेजारच्या खोलीतली एक आंधळी म्हातारी आणि लूमवरचे दोन ओडिया कामगार. आणि शांतता. तांब्यातलं पाणी, ज्यावर जन्मापासून त्यानं लूमच्या हादऱ्यांची बारीक वर्तुळं बघितली होती, ते काचेसारखं उभं. चिमण्या. दुपारी दूर कुठं कोंबडा. आणि वडील जागे, घरात, मांडी घालून. नऊ दिवस. सुकदेवला पहिल्यांदा कळलं की बापाच्या एका भुवईत पांढरा केस आहे, की तो शिंकताना हसतो, की त्याला पाच-तीन-दोन फार छान खेळता येतं. लूमच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळं त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, समोर बसलेल्या बायकोला तो ओरडून सांगायचा, “हुकूम इस्पिक!” आणि सगळी रिकामी चाळ घुमायची, आणि भिंतीपलीकडून आंधळी म्हातारी ओरडायची, “मग टाका ना इस्पिक, वाट कोनी बघी ऱ्हायनात!” आई हसून हसून आडवी व्हायची. बाहेर लोक मरत होते म्हणे. सुकदेवच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे नऊ दिवस ते. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. प्लेगात सुख होतं असं कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधलेला एक माणूस आला आणि तिघांच्या म्हणून बारा कॅप्सूल देऊन गेला. कशा घ्यायच्या ते त्यानं सांगितलं होतं, पण आईनं त्याच्या आधी माणसं मोजली होती. आपण तीन, म्हातारी चौथी, ओडिया दोन. घरात आलेलं एकट्यादुकट्यानं खायचं नाही, हा तिचा नेम. सत्यनारायणाच्या शिऱ्यापासून आजारी माणसाला आणलेल्या मोसंब्यापर्यंत. तिनं बाराही कॅप्सूल स्टीलच्या ताटात उघडल्या, भुकटी एक केली आणि पत्त्याच्या कडेनं तिच्या सहा सारख्या ढिगल्या केल्या. गुळात कालवल्या. ओडियांनी हात पुढं करून प्रसादासारखं घेतलं आणि कपाळाला हात लावला. गुळाखालून चढणारा तो कडूपणा. रिकामी तांबडी-पिवळी टरफलं सुकदेवनं परातीत पाण्यावर सोडली आणि दुपारभर फुंकर मारून त्यांच्या शर्यती लावल्या. सहातलं कोणी मेलं नाही. पुढं खात्यातल्या ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरनं सांगितलं की औषध अर्धवट घेणं न घेण्यासारखंच, उलट वाईट. सुकदेव मागच्या बाकावर बसून ऐकत होता. त्यानं विचारलं नाही की मग आम्ही कसे वाचलो. घरी येऊन आईलाही सांगितलं नाही. अजूनही ती म्हणते, मी सहा जीव वाचवलेत, आणि तो मान हलवतो.

शाळेच्या फाटकाशी येता येता त्याला वाटलं, साखर नव्हे, हळद नव्हे, योगेशचे तीन शब्दही नव्हेत. फेब्रुवारीत त्याला ज्यानं अडवलं होतं ते हे होतं. यादीत त्याचं एकट्याचं नाव होतं. फवारणीवाला म्हणून त्याला, म्हातारी म्हणून आईला नाही. तिची पाळी नंतर, कधी ते माहीत नाही. ताटात सगळं एकानंच ओढून घ्यावं आणि बाकीचे बघत बसावेत, तसं. हे कोणापुढं बोलायचं? योगेशपुढं? कुंदननं महिनाभर पुरवून नक्कल केली असती. म्हणून साखर, म्हणून हळद. आणि मार्चमध्ये आईची पाळी आली तोवर त्याला मासे आठवायला लागले होते.

चौथीच्या वर्गात टेबल मांडलं होतं. नर्सच्या छातीवर हर्षदा असं नाव होतं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. तो बाकावर बसला. बाक लहान, गुडघे वर आले. त्यानं मुद्दाम, घरातल्या बाया विचारतात तसं विचारलं, “काही होत नाही ना?”

तिनं सुईवरून नजर काढली आणि त्याच्याकडं बघितलं. मागं नाही, त्याच्याकडंच. “होतं ने. ताप येईल बहुतेक. हात दुखेल. कोणाला जास्त होतं, कोणाला काहीच नाही. तुम्हाला किती होईल ते मला नाही माहीत.”

“तुम्ही असं सांगता सगळ्यांना?”

“आधी म्हणायची, काही होत नाही. मग एक काकी तापात परत आल्या, चप्पल घेऊन.” ती हसली. “तेव्हापासून खरं बोलते. खऱ्यावर लोक कमी भांडतात.”

“तुम्हाला काय झालं?”

“दोन दिवस ताप. सासूबाईंनी खिचडी करून दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. घ्यायची का? मागे लाइन आहे, भाई.”

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. हे असंही बोलता येतं? मला नाही माहीत, असं म्हणून कोणी दार उघडतं? बावीस वर्षांत त्यानं एकदाही करून बघितलं नव्हतं. मालतीबाईंना म्हटलं असतं की माशांचं मला नाही माहीत, तर त्यांनी काय केलं असतं? पेटी उचलून शेजारी नेली असती. किंवा त्याला परत पाठवलं असतं आणि त्यानं गोल काढला असता, आणि तो गोल खरा असता.

त्यानं बाही वर केली. सुई दिसली नाही, टोचल्याचं कळलं आणि मग दंडात थंड असं काहीतरी पसरलं. पलीकडच्या वर्गात अर्धा तास बसायचं होतं. तिथं भिंतीवर पाढे होते, खालची ओळ पोरांनी खरवडलेली. त्याच्या शेजारी बसलेला बसचा कंडक्टर मोबाइलवर कोणाला तरी सांगत होता की आपण अजून जिवंत आहोत. सुकदेवनं डोळे मिटले. खटखट चालूच होती, आणि तिच्या आत कुठंतरी बाप मोठ्यानं काहीतरी म्हणत होता. नीट ऐकू येत नव्हतं. घरी जाऊन आईला सांगायचं, त्यानं ठरवलं. खरं सांगायचं. ताप येईल म्हणायचं, हात दुखेल म्हणायचं, तुझ्या दम्याला काय होईल ते मला माहीत नाही म्हणायचं, ते डॉक्टरला विचारू. आणि मग विचारायचं, आई, तू येतेस का? ती भिणार, हे धरून चालायचं. समजूत घालायला चार दिवस लागतील, आठ लागतील. आपण आधी एकट्यानं घेतली, याचं तिला वाईट वाटेल. वाटू दे. ओट्यावर बसून हळूहळू सांगू.

धुरपदाबाईंनी नऊ मार्चला, शेजारच्या चंचलबरोबर याच शाळेत येऊन, पहिला डोस घेतला होता.